‘माय लास्ट डचेस’ आणि ‘युलिसीस’: दोन व्हिक्टोरियन मोनोलॉग शेजारी ठेवून कसे वाचायचे

एम.ए.च्या पहिल्या वर्षी अंतर्गत परीक्षेत या दोन कवितांची तुलना करायला सांगितली होती. मी साडेचार पानं लिहिली. पहिल्याच पानावर ‘डचेस’ लिहिणाऱ्या ब्राउनिंगचा जन्म १८१२ चा आणि ‘युलिसीस’ लिहिणाऱ्या टेनिसनचा १८०९ चा हे सांगून टाकलं. मग एका कवितेचा सारांश, मग दुसरीचा, आणि शेवटी ‘अशा प्रकारे दोन्ही कवींनी मानवी मनाचं प्रभावी चित्रण केलं आहे’. पेपर परत मिळाला तेव्हा समासात लाल पेनाने एकच शब्द होता: ‘मग?’

तो ‘मग?’ अजून डोक्यात आहे. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं शेजारी राहतात पण एकमेकांशी बोलत नाहीत, तसे माझे दोन सारांश होते. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर वर्गात वर्षानुवर्षं हीच जोडी घेतली आणि हळूहळू एक पद्धत बसत गेली. ती इथे सविस्तर देते. उत्तर इंग्रजीत लिहायचं असलं तरी विचार मराठीत करायला हरकत नाही. उलट दोन-तीन ठिकाणी मराठीच जास्त उपयोगी पडते, ते पुढे दिसेलच.

जोडी निवडताना

बहुतेक जण ‘माय लास्ट डचेस’सोबत ‘पॉर्फिरियाज लव्हर’ घेतात. दोन्ही ब्राउनिंगच्या, दोन्हींत बाईचा जीव जातो. जोडी सोपी वाटते आणि तिथेच घात होतो. विषय इतका सारखा आहे की विद्यार्थी खुनावर लिहीत सुटतो, कविता बाजूलाच राहते.

म्हणून मी मुद्दाम ‘युलिसीस’ घेते. एकीकडे सोळाव्या शतकातल्या इटलीतला ड्यूक, दुसरीकडे ट्रॉयच्या युद्धाहून परतलेला म्हातारा ग्रीक राजा. विषयात साम्य शोधायला जागाच नाही, त्यामुळे नजर आपोआप रचनेकडे जाते. शिवाय दोन्ही कविता पुस्तकरूपात १८४२ मध्येच आल्या, आणि दोन्हींची ओळ एकाच मापाची आहे. माप तेच असताना आवाज इतके वेगळे कसे, हा प्रश्न मग समोर येऊनच उभा राहतो.

जाता जाता एक गोष्ट. ‘युलिसीस’ लिहिली गेली १८३३ मध्ये, आणि व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये. ‘व्हिक्टोरियन कविता’ असं लिहिताना एवढं लक्षात असू द्या.

आधी प्रकार नीट समजून घ्या

ड्रॅमॅटिक मोनोलॉगला मराठीत सरसकट ‘स्वगत’ म्हटलं जातं. ते चुकीचं आहे. स्वगतात पात्र स्वतःशी बोलतं, रंगमंचावरच्या कुणाला ते ऐकू जात नाही. इथे समोर कुणीतरी असतं, ऐकत असतं, फक्त त्याचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही. एसटीत शेजारचा माणूस फोनवर बोलत असतो. ‘नाही हो… छे, मी कुठे म्हटलं तसं… बरं, ते दागिने कुणाकडे आहेत?’ पलीकडे कोण आहे आणि काय म्हणतंय, हे आपण याच्याच बोलण्यावरून जुळवतो. आणि बहुधा या माणसाने जे सांगितलं असं त्याला वाटतं, त्याहून बरंच जास्त आपल्याला कळलेलं असतं. मोनोलॉगचा सगळा खेळ या ‘जास्त’मध्ये आहे. भा. रा. तांब्यांनी मराठीत नाट्यगीतं लिहिली, तेव्हा असंच ‘मी’ म्हणणारं पात्र कवीपासून वेगळं उभं केलं होतं. ती वाचलेल्यांना हा प्रकार अगदीच परका वाटणार नाही.

ब्राउनिंगने १८४२ च्या ‘ड्रॅमॅटिक लिरिक्स’ या संग्रहात स्वतःच बजावून ठेवलं होतं की हे काल्पनिक माणसांचे उद्गार आहेत, माझे नाहीत. त्यामुळे उत्तरात ‘ब्राउनिंग म्हणतो की मी कधी वाकत नाही’ असं लिहू नका. वाकत नाही तो ड्यूक. ही चूक मी दर वर्षी किमान दहा पेपरांत खोडते.

पहिली बैठक: पेन खाली ठेवा, मोठ्याने वाचा

कवितेखालच्या टिपा, गाइड, काहीही न बघता दोन्ही कविता एकापाठोपाठ मोठ्याने वाचा. ‘डचेस’ ५६ ओळींची, ‘युलिसीस’ ७० ओळींची. दोन्ही मिळून पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. वाचताना फक्त इतकंच बघा की श्वास कुठे घ्यावासा वाटतो. मग प्रत्येकीबद्दल चारच वाक्यं लिहा: कोण बोलतंय, कुणाशी, कुठे, आणि नेमकं आत्ताच का.

ड्यूकच्या बाबतीत उत्तर असं येईल. फेराराचा ड्यूक एका काउंटच्या दूताला आपल्या आधीच्या बायकोचं चित्र दाखवतोय. ते एरवी पडद्याआड असतं आणि पडदा बाजूला करायचा अधिकार फक्त त्याचा. बोलणं चाललंय ते त्या काउंटच्या मुलीशी लग्न ठरवताना. हुंडाही ठरायचाय.

युलिसीसच्या बाबतीत: इथाकाचा राजा राज्य मुलाकडे सोपवून जुन्या खलाशांना घेऊन पुन्हा समुद्रावर निघायचं म्हणतोय. ‘कुणाशी’ हा प्रश्न मात्र इथे अडतो. पहिल्या ३२ ओळींत समोर कुणी आहे असं वाटतच नाही. ३३व्या ओळीत ‘धिस इज माय सन’, म्हणजे कुणालातरी मुलाची ओळख करून देतोय. ४५व्या ओळीत ‘माय मॅरिनर्स’ म्हणतो तेव्हा कुठे खलाशी दिसतात. उत्तर अडलं म्हणून ती जागा गाळू नका, खूण करून ठेवा. अडलेल्या जागेतूनच पुढे मुद्दा निघतो.

दुसरी बैठक: रचना

या बैठकीत घाई करू नका.

दोन्हींचं माप आयॅम्बिक पेंटॅमीटर. एका ओळीत दहा अक्षरं. हलकं-जड, हलकं-जड असं पाच वेळा. लगावलीची, म्हणजे लघु-गुरू मांडून बघायची, सवय असेल तर हे ‘लगा लगा लगा लगा लगा’. शिवतांडव स्तोत्र पंचचामर वृत्तात आहे, त्यात ‘लगा’ आठ वेळा येतो. ‘जटाटवीगलज्जलप्रवा’ इथपर्यंत म्हणून थांबा, नेमके पाच होतात. फरक एवढाच की आपला गुरू लांबीवर ठरतो आणि इंग्रजीतला जडपणा आघातावर. म्हणून बोटांवर मात्रा मोजत बसू नका, टेबलावर ठेका धरा.

आता माप तेच असताना बाकी काय वेगळं? ‘डचेस’ला यमक आहे: दोन-दोन ओळींच्या २८ जोड्या. ‘युलिसीस’ला यमक नाही, ती ब्लँक व्हर्समध्ये आहे. इथे एक मोठा खड्डा आहे, सांभाळा. ब्लँक व्हर्स म्हणजे मुक्तछंद नव्हे. मुक्तछंदात मापच नसतं, ब्लँक व्हर्समध्ये माप पक्कं असतं आणि फक्त यमक नसतं. ‘निर्यमक’ हा शब्द लक्षात ठेवलात तर गोंधळ होणार नाही.

‘एकात यमक आहे, दुसऱ्यात नाही’ एवढं लिहिलंत तर समासात पुन्हा ‘मग?’ येणार. म्हणून पेन्सिल घ्या आणि ज्या ओळी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह किंवा उद्गारचिन्हावर संपतात, त्यांच्यापुढे टिंब द्या. चिन्हं आवृत्तीगणिक थोडी इकडेतिकडे होतात, पण माझ्याजवळच्या प्रतीत ‘डचेस’च्या ५६ ओळींत अशा ओळी फक्त तीन: चौथी, चोविसावी आणि शेवटची. ‘युलिसीस’मध्ये बारा.

यमक नेहमी ओळीच्या टोकाला असतं. ड्यूक त्या टोकाला थांबतच नाही. ‘आय सेड / फ्रा पँडॉल्फ बाय डिझाइन’, ‘शी हॅड / अ हार्ट’, ‘आय चूज / नेव्हर टु स्टूप’. वाक्य ओळीच्या कडेवरून खाली सांडतं आणि पुढच्या ओळीच्या मध्यावर, यतीच्या जागी, थांबतं. एन्जॅम्बमेंट म्हणतात ते हेच. परिणाम असा की २८ यमकं असूनही ती कानाला लागत नाहीत. वर्गात ही कविता पहिल्यांदा वाचून दाखवली की मी विचारते, यमक होतं का? निम्म्याहून जास्त मुलं नाही म्हणतात. आधीच्या शतकात अलेक्झांडर पोपसारख्या कवींनी दोन ओळींची जोडी कुलूप लावल्यासारखी बंद करायची पद्धत रूढ केली होती, त्या पार्श्वभूमीवर हे आणखी उठून दिसतं. इथे कुलूप आहे, पण पडद्यामागे.

ड्यूक माणूस म्हणूनही तसाच आहे. सगळं काटेकोर ठरवलेलं, आणि वरून मात्र ‘सहज बोलतोय’ असा आव. ‘मला बोलायचं कसब नाही’ असं तो म्हणतो, ते नऊ ओळींच्या एकाच अखंड वाक्यात, ३५व्या ओळीपासून ४३व्या ओळीच्या मध्यापर्यंत एकदाही तोल न जाऊ देता. ते म्हणत असतानाही यमक जुळतच असतं.

आता उलट बाजू. ‘युलिसीस’मध्ये यमक नाही, तरी ती घुमते. ५५वी ओळ म्हणून बघा: ‘द लाँग डे वेन्झ, द स्लो मून क्लाइम्झ, द डीप’, आणि पुढच्या ओळीत ‘मोन्झ राउंड’. सगळे एकाक्षरी शब्द, एकामागून एक ताणलेले स्वर. घाईघाईत वाचायचं ठरवलं तरी जीभ ऐकत नाही. चंद्र जितक्या सावकाश चढतो तितक्याच सावकाश ओळ चढते. आणि शेवटची ओळ, ‘टु स्ट्राइव्ह, टु सीक, टु फाइंड, अँड नॉट टु यील्ड’, ठेक्यावर इतकी चपखल बसते की शाळांच्या भिंतींवर रंगवली जाते.

म्हणजे एकात यमक असून ऐकू येत नाही आणि दुसऱ्यात नसून कानात राहतं. तुलनेचं पहिलं खरं वाक्य हे. जन्मसालांपासून सुरुवात केली असती तर ते हाती लागलं नसतं.

एक जागा अगदी जवळून बघू. ‘डचेस’च्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत यमक आहे ‘हँड्स’ आणि ‘स्टँड्स’. चित्रकाराचे हात दिवसभर राबले, ‘अँड देअर शी स्टँड्स’. ४५व्या-४६व्या ओळीत तोच ‘स्टँड्स’ परत येतो, पण या वेळी जोडी ‘कमांड्स’शी. ‘आय गेव्ह कमांड्स, देन ऑल स्माइल्स स्टॉप्ड टुगेदर. देअर शी स्टँड्स’. एकदा चित्रकाराच्या हातांनी ती भिंतीवर उभी राहिली, एकदा नवऱ्याच्या हुकमाने. वाक्यात ड्यूक हा संबंध कुठेच सांगत नाही, यमक सांगतं. आणि यमक ऐकू येऊ नये याची तर तो काळजी घेत आलाय.

‘युलिसीस’मध्ये असा धागा यमकाने जोडलेला नाही, वाक्याच्या बांधणीने जोडलाय. पाचवी ओळ प्रजेबद्दल: ‘दॅट होर्ड, अँड स्लीप, अँड फीड, अँड नो नॉट मी’. साठवतात, झोपतात, खातात, आणि मला ओळखत नाहीत. तीन क्रियापदं, मग ‘नॉट’सह चौथं. आता पुन्हा सत्तरावी ओळ बघा. झगडणं, धुंडाळणं, गवसणं, आणि न नमणं. तीच बांधणी, तीन अधिक एक नकार. कवितेच्या एका टोकाला ज्या लोकांचा कंटाळा, त्याच साच्यात दुसऱ्या टोकाला स्वतःचं ध्येय. हे हेतुपुरस्सर की नकळत, यावर वाद घालत बसू नका. कागदावर आहे एवढं दाखवा. मला स्वतःला ही सत्तरावी ओळ भिंतीवर एकटी पाहिली की अर्धवट वाटते, ती याच कारणाने.

तिसरी बैठक: सर्वनामं, क्रियापदं, नावं

भाषेवर लिहायला सांगितलं की विद्यार्थी उपमा-रूपकं मोजतात. ती नंतर. आधी बारीक शब्द बघा.

दोन्ही कवितांतले ‘आय’, ‘माय’, ‘मी’ एका रंगाने आणि ‘वी’, ‘अस’ दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. ड्यूकच्या पहिल्या ओळीत ‘माय’, शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द ‘मी’. मधेही माझी भेट, माझं नऊशे वर्षांचं नाव. कविता ‘माझ्या’पासून निघून ‘माझ्यासाठी’पाशी थांबते. युलिसीसचा पहिला भागही ‘आय’ने भरलेला आहे, पण ६१व्या ओळीत ‘अंटिल आय डाय’ म्हटल्यावर ‘आय’ पुन्हा येत नाही. शेवटच्या नऊ ओळींत फक्त ‘अस’ आणि ‘वी’.

इथे मराठी कामाला येते. इंग्रजी ‘वी’ मराठीत आणताना ‘आम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावंच लागतं, पळवाट नाही. युलिसीसचा ‘वी’ अर्थातच ‘आपण’: आपण म्हातारे झालो, आपण जे आहोत ते आहोत. खलाशांनी होकार दिलाय का? कवितेत कुठेही नाही. तरी त्याने त्यांना ‘आपण’मध्ये ओढून घेतलंय. आता ड्यूकचा ‘वी’ बघा: ‘वुइल गो टुगेदर डाउन, सर’. हासुद्धा ‘आपण’च, पण हा मेहरबानीचा. त्याआधी ‘ने’ आहे, म्हणजे ‘छे छे’. दूत बहुधा अदबीने मागे सरकलाय, किंवा आधी निघू पाहतोय. कृती दिसत नाही, ती त्या एका अक्षरातून उमटते. खाली पाहुणे थांबलेत, आणि बोलणाऱ्याने नुकतंच बायकोचं काय केलं ते सूचित केलंय. दूताला जिना एकट्याने उतरावासा वाटला असेल तर नवल नाही.

ड्यूकच्या अदबीलाही मराठीत नेमका शब्द आहे: विध्यर्थ. ‘विल्ट प्लीज यू सिट’ आणि ४७व्या ओळीत ‘विल्ट प्लीज यू राइज’. रूप प्रश्नाचं, काम हुकमाचं. ‘बसावं’, ‘उठावं आता’. जुन्या सरदारी वाड्यात असं म्हटलं की कुणी ‘नको’ म्हणत नाही. ‘सर’ हा शब्द तो चार वेळा वापरतो, दर वेळी नेमक्या अवघड जागी.

क्रियापदांत दोघांचा फरक सर्वात स्पष्ट दिसतो. ड्यूकची महत्त्वाची क्रियापदं भूतकाळी आणि पूर्ण झालेली: ‘धिस ग्रू, आय गेव्ह कमांड्स’. नऊ ओळींच्या त्या लांबलचक वाक्यानंतर मोजून पाच शब्द. हुकूम काय होता, कुणाला दिला, काय झालं, काहीच नाही. मेलं कोण? हसू थांबलं म्हणे. माणसाच्या जागी हसू ठेवून त्याने मृत्यू वाक्यातून काढून टाकलाय. पुढे ब्राउनिंगला याबद्दल विचारलं गेलं तेव्हा तो म्हणाला की हुकूम तिला मारण्याचा होता, आणि लगेच पुस्ती जोडली की किंवा तिला मठात कोंडलंही असेल. कवीलाच एक उत्तर पक्कं करायचं नव्हतं, तर आपण कशाला करा.

युलिसीसची मोक्याची क्रियापदं काळात बांधलेलीच नाहीत. टु पॉज, टु रस्ट, टु शाइन, टु सेल, आणि शेवटी टु स्ट्राइव्ह, टु सीक. मराठीत थांबणं, गंजणं, झळकणं. या रूपांना भूत नाही, भविष्य नाही, करणाराही नाही. ‘पुश ऑफ’ असा एकच रोकडा हुकूम ५८व्या ओळीत येतो, पण त्यानंतरही बारा ओळी बोलणंच चालतं. कविता संपते तेव्हा नाव किनाऱ्यालाच आहे. ड्यूकने करून टाकलंय आणि तो सांगत नाही; युलिसीस सांगत राहतो आणि त्याने अजून केलेलं नाही. हे वाक्य उत्तरात जसंच्या तसं वापरलंत तरी चालेल, फक्त त्याखाली ओळींचे दाखले द्या.

आता नावं. ड्यूक चित्रकाराचं नाव घेतो, शिल्पकाराचं घेतो, ज्या देवाचा पुतळा आहे त्याचंही घेतो: फ्रा पँडॉल्फ, क्लॉस, नेपच्यून. (पहिले दोघे ब्राउनिंगच्या कल्पनेतले.) युलिसीस मुलाचं नाव घेतो, अकिलीसचं घेतो, पावसाळी तारकापुंजाचंसुद्धा घेतो. दोघांच्याही बायकोला नाव नाही. एक ‘लास्ट डचेस’, दुसरी ‘एजेड वाइफ’. पेनेलोपीने वीस वर्षं वाट पाहिली हे जगाला माहीत आहे, पण नवऱ्याच्या ७० ओळींत तिच्या वाट्याला चार शब्द येतात: ‘मॅच्ड विथ अॅन एजेड वाइफ’ यातले ‘विथ अॅन एजेड वाइफ’. ती अर्धी ओळसुद्धा तक्रारीची. विषयात साम्य नाही म्हणून जोडी घेतली होती. भाषा बारकाईने पाहिल्यावर साम्य असं अनपेक्षित जागी निघतं. तुलनेत असा मुद्दा सापडला की त्याला स्वतंत्र परिच्छेद द्या.

पार्श्वभूमी किती

चिमूटभर. आणि प्रत्येक चिमूट कुठल्यातरी शब्दाला लागलेली.

ड्यूकच्या मागे फेराराचा दुसरा अल्फोन्सो आहे. त्याची पहिली बायको लुक्रेझिया दे मेदिची १५६१ मध्ये कोवळ्या वयात वारली आणि विषप्रयोगाची कुजबुज झाली. हे एका वाक्यात पुरे. त्यापेक्षा कामाची माहिती ही की १८४२ मध्ये या कवितेचं शीर्षक नुसतं ‘इटली’ होतं; ‘माय लास्ट डचेस’ हे नाव आणि खाली ‘फेरारा’ हे १८४९ मध्ये आलं. म्हणजे शीर्षकातलं ‘माय’ कवीने नंतर जोडलं. आणि ‘लास्ट’चे दोन अर्थ, ‘याआधीची’ आणि ‘शेवटची’, शीर्षकातच आले. पुढची डचेस येऊ घातली आहे, म्हणजे शेवटची तर नाहीच.

टेनिसनचा जिवलग मित्र आर्थर हॅलम सप्टेंबर १८३३ मध्ये व्हिएन्नात अचानक गेला आणि पुढच्याच महिन्यात ‘युलिसीस’ लिहिली गेली. पुढे जाण्याची, आयुष्याच्या झगड्याला सामोरं जाण्याची गरज या कवितेत आहे, असं टेनिसन पुढे म्हणाला. हे उत्तरात टाकायचं तर ५१व्या ओळीशेजारी टाका: ‘डेथ क्लोझेस ऑल: बट’. त्या अपूर्णविरामानंतरच्या ‘बट’मध्ये हॅलमचा मृत्यू आणि टेनिसनचं म्हणणं दोन्ही मावतं.

आणखी एक. होमरच्या ‘ओडिसी’त युलिसीसचे सगळे खलाशी वाटेतच मरतात, तो एकटा घरी पोचतो. मग इथे हा बोलतोय कुणाशी? इटालियन कवी दान्तेच्या ‘इन्फर्नो’च्या सव्विसाव्या सर्गात हाच युलिसीस नरकात सांगतो की माझ्या भाषणाने खलाशी पेटून निघाले आणि सगळे बुडाले. ‘द गल्फ्स विल वॉश अस डाउन’ ही ६२वी ओळ त्यानंतर वेगळी ऐकू येते. पहिल्या बैठकीत ‘कुणाशी’पाशी केलेली खूण इथे वसूल होते. दोन्ही कवितांत ऐकणारा गप्प आहे, आणि बोलणाऱ्याच्या मर्जीची किंमत कुणी दुसराच मोजणार आहे: एकीकडे काउंटची मुलगी, दुसरीकडे खलाशी. युलिसीसला मी ड्यूकच्या पंगतीला बसवणार नाही. त्याच्या बोलण्यात खरी ऊब आहे आणि मरणाची खरी भीतीही. पण तो निव्वळ वीर आहे असंही आता म्हणवत नाही.

लिहायला बसल्यावर

आधी एक वाक्य मराठीत लिहा. माझं असं होतं: ‘दोघेही ऐकणाऱ्याला आपल्या इच्छेकडे ओढतात, ड्यूक यमक लपवून, युलिसीस ओळ घुमवून.’ ते इंग्रजीत नेताना साधं ठेवा. या वाक्याशी ज्याचा संबंध नाही ते सगळं वगळा, मग ते कितीही आवडतं असो. नेपच्यूनच्या पुतळ्यावर माझा अख्खा परिच्छेद तयार असतो आणि दर वेळी तो बाहेर राहतो.

परिच्छेद कवितेनुसार पाडू नका, मुद्द्यानुसार पाडा. प्रत्येक परिच्छेदात दोन्ही कविता हव्यात, आणि दोघींतून शब्दशः उद्धृत केलेला तुकडा हवा, दोन ते सहा शब्दांचा. चार ओळी उतरवून खाली ‘यावरून ड्यूकचा अहंकार दिसतो’ असं लिहिलं तर काहीच दिसत नाही. कुठला शब्द, कुठल्या जागी, आणि तिथेच का, हे लिहा.

नमुना म्हणून एक परिच्छेद, मराठीत:

‘दोन्ही कवितांत सत्ता ओळीच्या टोकाशी कळते. ड्यूक “आय चूज” म्हणून ओळ सोडतो आणि “नेव्हर टु स्टूप” पुढच्या ओळीत टाकतो. जोडीतलं यमक त्या उडीत विरून जातं आणि त्याचा निर्णय सहज बोलल्यासारखा वाटतो. “स्टूप” हा शब्द मात्र दहा ओळींत तीनदा येतो, म्हणजे सहजपणा खरा नाही. युलिसीस उलट “नॉट टु यील्ड”वर ओळ, वाक्य आणि कविता एकदमच संपवतो. त्याला आपला निर्णय लपवायचा नाही, साजरा करायचाय. पण क्रियापदाला काळ नसल्याने तो निर्णय घोषणाच राहतो. न वाकणं आणि न नमणं, शब्द जवळचे. एकाने ते करून दाखवलंय म्हणून तो भीतिदायक, दुसऱ्याने फक्त म्हटलंय म्हणून तो करुण.’

यात चरित्र नाही, सारांश नाही, आणि ‘तर दुसरीकडे’ हा जोडशब्दही नाही. बघा, जमतं.

वेळेचा हिशोब: पंचेचाळीस मिनिटांच्या प्रश्नाला पहिली दहा मिनिटं फक्त टिंबं, रंग आणि ते एक वाक्य. चार परिच्छेद पुरतात. पाचव्या परिच्छेदाला वेळ उरला तर नवीन मुद्दा लिहा, झालेलं परत सांगू नका.

पद्धत हातात बसली का ते बघायला पुढची जोडी सुचवते: टेनिसनची ‘टिथोनस’, जी १८६० मध्ये छापून आली, आणि ब्राउनिंगची १८५५ ची ‘अँड्रिया डेल सार्टो’. या वेळी दोन्ही ब्लँक व्हर्समध्ये आहेत, त्यामुळे यमकाची सोय नाही. दोन्हींत पुरुष बोलतोय, ऐकणारी स्त्री आहे, आणि तिला तिथे थांबायचं नाही. एक पहाटेची देवी, एक चित्रकाराची बायको. दोघींपैकी कोण कुठल्या ओळीत निघून जाते, आणि जाताना बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तुटतं की पूर्ण होतं, ते ओळीवर बोट ठेवून शोधा.